हळद लागलेलं काडतूस

१ ऑक्टोबर १९८८, अंबरनाथ
आलो बुवा एकदाचा! पलटणीतून सुटल्यापासून आठ महिने नुसत्या माश्या मारत होतो. आता रंगाच्या कंपनीत गेटवर बंदूकवाला वॉचमन. बुवापाड्यात खोलीही मिळाली. मॅनेजर गुरुदत्तसाहेबांनी कंपनीची बारा बोरची दोननळी हातात दिली. जुनी, पण झकास चीज. काडतुसं मात्र भंगार! फुगलेली, ओल धरलेली, बुडाला हिरवी पडलेली सगळी बाजूला काढली. नळीवरचा आकडा आणि काडतुसावरचा आकडा एकच पाहिजे, हे पलटणीतल्या पोरांना शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आणि इथे त्याच कपाटात साहेबांच्या शिकारीच्या बंदुकीची वीस बोरची बारीक पिवळी काडतुसं! वेगळी ठेवा म्हटलं, तर साहेब हसले. फौजी लोकांना फार शिस्त, म्हणाले. पिवळी मीच त्यांच्या बंगल्यावर पोचवून आलो.

५ ऑक्टोबर
सकाळी माझ्या पट्ट्यात, लाल काडतुसांमध्ये एक पिवळं. कपाटाची किल्ली तर माझ्याच गळ्यात. हुंगलं, तर हळदीचा वास. नाल्यात फेकून दिलं.

९ ऑक्टोबर
रोज एक येतंय. आज झाडूवाल्या गोजरबाईंना दाखवलं, तर त्यांनी झाडू टाकून सगळं सांगितलं. त्यांचा नवरा धर्मराज माझ्याआधी इथे वॉचमन होता. दसऱ्याला शस्त्रपूजा करून बार उडवायची इथली पद्धत. गेल्या साली दोन्ही काडतुसं एकाच ताटात, सगळ्यांना हळद फासलेली. लाल कुठलं, पिवळं कुठलं, कळेना. घाईत बारीक काडतूस नळीत गेलं आणि पुढे सरकून अडकलं. नळी रिकामीच आहे समजून त्याने मागून मोठं घातलं. तेव्हाच्या बंदुकीची नळी फुटली. उजव्या हाताला दोनच बोटं उरली. तिसऱ्या दिवशी गेला. साहेबांनी लिहून दिलं, वॉचमन दारू प्यायला होता. बाई म्हणाल्या, माळकरी होता हो माझा माणूस. थू असल्या साहेबकीवर!

१५ ऑक्टोबर
आजचं काडतूस ओलं होतं. नाल्याच्या पाण्याने ओलं. कालच फेकलेलं —

१९ ऑक्टोबर
उद्या पुन्हा तेच ताट. मी साफ नाही म्हणालो. साहेब म्हणाले, मग दुसरी नोकरी बघा. बायकोला कालच मनिऑर्डर केली, काम लागलं म्हणून कळवलं. गिळला अपमान.

२० ऑक्टोबर, दसरा
पूजा झाली. बंदूक बिजागरीतून उघडून नळ्यांतून उजेड बघितला — डाव्या नळीत काळोख. मी काहीच घातलेलं नाही —

साहेबांनी बंदूक हिसकावली. यंदाचा बार आपणच उडवणार म्हणे. मोठं काडतूस भरलं —

ओरडायला गेलो, तर तोंडावर हात. गार. हळदीचा. बोटं दोनच —

आवाज फुटत नाही. पाय हलत नाहीत, लिहिता हात तेवढा चालतोय. खरं लिहितो, क्षणभर मलाही वाटलं, उडवू दे. पण नाही, नाही — मोठ्या अक्षरात लिहून वही वर धरतो, कोणीतरी वाचा —

साहेब चाप ओढू नका डाव्या नळीत आधीच ए