दाबून दाखवणाऱ्या बाई

५ ऑगस्ट, सोमवार
नवी नोकरी! बावीस वर्षं इस्पितळात लोकांच्या बेडपॅनशी संसार केला, आज रीतसर काडीमोड. या दवाखान्यात पेशंट येतच नाहीत. घरबसल्या पडद्यावर दिसतात. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या एकीवर एक चढवून कोपऱ्यात लावल्यात, फरशी लखलखीत, आणि कुणाच्याही तोंडाचा, घामाचा, जखमेचा वास नाही. नाकानं आज पहिल्यांदाच माझे आभार मानले.
डॉक्टर चाळिशीचे, गुळगुळीत. हात असे की कधी बटाटासुद्धा सोलला नसावा. पेशंटला हात लावायची त्यांना पहिल्यापासून किळस, पण ते तिला प्रगती म्हणतात.
अडचण एवढीच, की पडद्यावरून ते उजव्या बरगडीखाली दाबा म्हणाले की माणसं डावीकडे दाबतात. एकानं तर बायकोलाच दाबलं म्हणे. म्हणून मी कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि आपल्याच अंगावर दाबून दाखवायचं. बघून पेशंटनं तसंच करायचं. काउंटरवरच्या बाईनं तासाभरात माझं बारसं केलं, दाबून दाखवणाऱ्या बाई. आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ नावं ठेवली, त्यात हे बरंच सभ्य.

७ ऑगस्ट
सकाळी एक निवृत्त मास्तर, पाय सुजलेले. मी नडगीत अंगठा रुतवला, पाच आकडे मोजले, काढला. मास्तरांनीही शिस्तीत तसंच केलं. त्यांच्या नडगीला खळगा पडला, मळलेल्या कणकेला पडावा तसा, आणि तसाच राहिला.
मग एक शिंपीणबाई, जबड्याखाली गळू. मी माझ्या जबड्याखाली हलकेच दाबून दाखवलं. ती शिलाई मशीन चालवणारी, तिला हलकेच म्हणजे काय ठाऊक? फचकन पू थेट कॅमेऱ्यावर. तिनं तो बाहीनं पुसला आणि पुढची दहा मिनिटं पिवळट धुक्याआडून आमच्याशी बोलली. डॉक्टरांनी तोंड फिरवून बिस्किट खाल्लं. मी मजेत. काचेच्या पलीकडचा पू म्हणजे नुसतं चित्र.

१२ ऑगस्ट
मास्तर पडद्यावर उड्या मारून दाखवत होते. सूज गायब, बूट चढतात. शिंपीणबाईंची मानही गुळगुळीत. दोघांनी औषध अजून दुकानातून आणलंच नव्हतं, पण डॉक्टरांच्या आनंदावर विरजण कशाला घाला? पुढच्या महिन्यापासून दिवसाला चाळीस पेशंट, म्हणाले.
माझी चप्पल मात्र घट्ट होतेय. बसून बसून होत असेल.

१४ ऑगस्ट
अंघोळ करताना नडगी दाबून पाहिली. सहज.
खळगा पडला. शंभरपर्यंत मोजलं. खळगा तसाच, त्यात चमचाभर पाणी साठलेलं.
जबड्याखाली गाठ आलीय. दाबली तर तोंडात चव उतरली, फुलदाणीतल्या आठ दिवसांच्या पाण्यासारखी. थुंकले. चव गेली नाही. चहातही तीच, घासातही तीच.

१९ ऑगस्ट
दुसऱ्या दवाखान्यात गेले. रक्त स्वच्छ, लघवी स्वच्छ, तुम्हाला काहीही झालेलं नाही बाई, असं त्यांनी खात्रीनं सांगितलं. सांगत असतानाच गाठ फुटून माझ्या कॉलरमध्ये ओघळली.
मग आमच्या डॉक्टरांना म्हटलं, पडद्यावरच्यांचंच मला होतंय, तुम्ही तरी बघा. पाय पुढं केला. त्यांनी खुर्ची चाकांवरून सरळ भिंतीपर्यंत मागं नेली. म्हणाले, पडद्यातून रोग येत असता तर मी हे सगळं मांडलंच नसतं. आणि तपासून घ्यायचंच असेल, तर यादीत नाव लावा, घरी जा, पडद्यावर या. मध्ये दोन हातांचं टेबल होतं. दोन हातांचं!

२१ ऑगस्ट
काल एका म्हातारीच्या टाचेत जखम होती, तिच्यात काहीतरी वळवळत होतं. मी माझी टाच दाबून दाखवली. मन नको म्हणत होतं तरी दाखवली, डॉक्टर वाट बघत होते.
आज मोज्यात तांदूळ सांडल्यासारखं वाटलं. मोजा काढला. तांदूळ हलत नाहीत.
म्हातारी सकाळपासून घरभर चालतेय म्हणे. दुवा देतेय मला.

२२ ऑगस्ट
उद्याच्या यादीत पहिलंच नाव — छातीत आतून कुरतडल्यासारखं होतंय, म्हणे. छातीवर कुठं दाबायचं ते दाखवा, डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलं —
टाच, जबडा, नडगी. यांनी माणूस सडतो, मरत नाही. छातीनं मरेन मी.

२३ ऑगस्ट
गेले नाही. दार लावून बसलेय. खोलीला माझाच वास येतोय.
सरळ हिशेब आहे. जिथं मी दाखवलं, तिथलं त्यांचं माझ्याकडे आलं. म्हणजे मला कुणी दाखवलं, तर माझं —
डॉक्टरांनीच दाखवावं. त्या गुळगुळीत हातांनी. यादीत नाव लावलं. उद्या अकरा. किती दिवसांनी हसले. हसताना गळलं, पुसलंही नाही.

२४ ऑगस्ट, पावणेअकरा
फोन डब्याला टेकवून ठेवलाय. पाय बादलीत. वही मांडीवर. लिहीत राहिलं की ओकारी येत नाही.

अकरा
डॉक्टर दिसले. म्हटलं, तुम्हीच दाखवा. छे छे, म्हणाले, तुमच्या जागी आजच नव्या बाई आल्यात. आणि मागं वळून हाक —

आली. माझ्या खुर्चीत बसली. तिशीची असेल. नखं स्वच्छ कापलेली. घाबरू नका हं ताई, म्हणते, मी आहे ना.
ताई म्हणते मला.

टाच वर घेतली तिनं. गोरी, कोरडी, धड टाच. अंगठा वरच धरलाय. विचारतेय, इथंच दुखतं ना?
सांगायला हवं, ऊठ तिथून, पळ —
बादलीत वळवळ वाढलीय. त्या अळ्यांनाही कळलंय —
हो, म्हटलं. तिथंच. अजून जरा जोरात —