अप्पांना लागलेलं तुझं गाणं

शिवादादा,

तुझ्या त्या नव्वदच्या काळातल्या इंग्रजी रॉक अल्बमनं मला वैताग आणलाय. कॉलेजात असताना तू तो लावलास की अप्पा अंगावर धावून यायचे. आता उदगीरच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असतं आणि अप्पा म्हणतात, “थांबा हो, गिटार संपू द्या.”

रविवारी तुझा फोन आला की तुमची तासभर गाण्यांवरच चर्चा. काल मी अप्पांना खुणावलं, तुमच्या हृदयाच्या ऑपरेशनचं सांगा. त्यांनी फोन ठेवला नि म्हणाले, “मंजू, इतक्या वर्षांनी पोरगा माझ्याशी मोकळं बोलायलाय. आजार कळला की नुसतं गोळ्या घेतल्या का म्हणून इचारील.”

लई राग आला मला. म्हणून हे लिहिलं, पण तुला कळवणार नाही असं त्यांना वचन दिलंय, तेव्हा पाठवणार नाही. दादा, ऑपरेशन बुधवारी आहे. त्याआधी एकदा, आपणहून, घरी ये ना रे.

तुझी,
मंजुश्री