माझ्या हातात बांगड्या का नाहीत

रवि. ९ नोव्हें.
आज पास्टरांनी मला सगळ्या मंडळीपुढं उभं केलं. म्हणाले, "सुनंदाताईंचे हात बघा. कुणी सांगितलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. स्वतःहून बांगड्या काढल्या. याला म्हणतात साक्ष." मागून दोघीतिघींनी आमेन म्हटलं. मी आपली उभी. वर थोडी हसलेसुद्धा. त्या हसण्याचाच जास्त संताप येतोय.

साक्ष कसली डोंबलाची! गौरीच्या दिवशी मी ओटी भरायला नाही म्हटलं म्हणून दादानं मनगट धरून मला घराबाहेर काढलं. सख्ख्या भावानं. आख्खी भावकी बघत होती. उजव्या हातातल्या बांगड्या त्याच्या मुठीतच फुटल्या. डाव्या हातातल्या मी परत येताना रिक्षात काढल्या आणि दादाच्या घराजवळ, कात्रपच्या नाक्यावर फेकून दिल्या. तेव्हापासून घातल्या नाहीत. दिसू देत लोकांना, काय केलंय ते.

सोम. १०
कारखान्यात जीन्सचा ढीग. धागे कापून कापून बोटं निळी. शेठाणी येऊन उभी राहिली. "सुनंदा, चूड़ी तो डाल ले. सुहागन है, अच्छा नहीं लगता." उद्या बघू म्हटलं. दोन महिने उद्याच चाललंय.

घरी ह्यांचं वेगळंच. ह्यांना चर्चचं सोयर नाही न् सुतक नाही, पण मला कधी अडवलं नाही. आज जेवताना म्हणाले, "अगं, कंपनीतली माणसं मला तब्येत विचारतात. मी धडधाकट आहे हे तुझ्या हातांना कळव जरा." हसायला आलं. हसले नाही.

बुध. १२
कारखान्याजवळ, कँप पाचला एस्तेरच्या खोलीवर वचनाचा अभ्यास. एस्तेर माझ्याच टेबलावर धागे कापते. तिच्यामुळंच मी यात आले. दादा गावभर सांगतो की बहीण तांदळाच्या पोत्याला विकली गेली. मला कुणी पोतं दिलं नाही, कुणी बरंही केलं नाही, मी आजारीच नव्हते. डब्याच्या सुट्टीत एस्तेर वाचायची आणि मी तिच्याशी भांडायची. भांडता भांडता अडकले.

आजचा भाग: देवापुढं भेट घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर भेट तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी म्हटलं, इथं भावाचं माझ्याविरुद्ध आहे की माझं भावाविरुद्ध? एस्तेर म्हणाली, "काय फरक पडतो?" म्हणे काय फरक पडतो! मनगट तुझं होतं का?

शनि. १५
बाप्तिस्म्याचा वर्ग. १४ डिसेंबरला नदीवर ठरलाय, आम्ही सहाजण. शेवटी पास्टरांनी एकेकाला विचारलं, कुणाबद्दल मनात कटुता आहे का? सगळे नाही, नाही, आमेन. माझ्या शेजारचा तो गृहस्थ रोज पाण्यावरून आख्ख्या चाळीशी भांडतो. तोही म्हणाला, नाही.

माझी पाळी आली. पास्टर म्हणाले, "सुनंदाताईंना काय विचारायचं, त्यांचे हातच बोलतात." झालं, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हात बोलतात ते वेगळंच बोलतात. ही साक्ष नाही, हा राग आहे. मी भावावर राग धरून बांगड्या घालत नाही. मला त्याचं तोंड बघायचं नाही. आता लिहा काय लिहायचं ते.

पास्टरांचे कान लाल. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, मग आधी हे मिटवा. तोवर आपण थांबू."

म्हणजे जे नाही नाही म्हणाले ते पाण्यात उतरणार आणि खरं बोलणारी काठावर. वा रे न्याय.

रवि. १६
गेले नाही. झोपून राहिले. ह्यांनी चहा केला, काही विचारलं नाही. त्याचाही राग आला.

बुध. १९
अभ्यासाला गेले. का गेले माहीत नाही. पाय गेले.

बाकीच्या गेल्यावर एस्तेर म्हणाली, भावासाठी प्रार्थना कर. केली. देवा, दादाला अक्कल दे, त्याचे डोळे उघड, त्यानं काय केलंय ते त्याला दाखव. एस्तेरनं मधेच थांबवलं. "ही प्रार्थना नाही, सुनंदा. ही चौकीवरची तक्रार आहे. स्वतःसाठी जे मागशील ते त्याच्यासाठी माग."

स्वतःसाठी मी काय मागते? ह्यांची नोकरी टिकू दे. कंबर दुखते ती थांबू दे.

मग दादाचे गुडघे आठवले. त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर चढताना प्रत्येक वळणावर थांबतो आणि कुणी बघितलं तर उगाच मोबाईल काढतो. म्हटलं, बरं. गुडघे.

शुक्र. २१
सकाळी प्रार्थना. दादाच्या गुडघ्यांना आराम पडू दे. दात आवळून म्हटलं. मनात पुढचं वाक्य येत होतं, म्हणजे धावत येऊन माझे पाय तरी धरेल. ते गिळलं. पूर्ण गिळलं गेलं नाही.

रवि. २३
पुन्हा गुडघे. आज निदान पुढचं वाक्य आलं नाही. मंडळीत मागच्या रांगेत बसले, पदराखाली हात घेऊन. प्रभुभोजनाचं भाकरीचं ताट आलं ते, राग मनात आहे म्हणून, तसंच पुढं सरकवलं. शेजारणीनं बघितलं. बघू दे.

मंगळ. २५
दुपारी कारखान्याच्या दारात प्रणाली. दादाची मुलगी. लग्न सात तारखेला आहे हे मला बाहेरून कळलं होतं. स्कूटी लावून सरळ आत आली, जीन्सच्या ढिगावरच बसली. "आत्या, पुढच्या शुक्रवारी चुडा आहे. तू नाही आलीस ना, तर मी पण नाय भरणार. सच्ची."

म्हटलं, बापानं पाठवलं?

"नाही. पण कुठं चाललीस विचारलं, मी बोलली कँप पाचला. त्यांनी गाडीची चावी दिली. इथं तू सोडून आमचं कोण आहे?"

बारशाला हिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. हिच्या लग्नाचं मला बाहेरून कळतं. आई गेल्यापासून माहेर म्हणजे दादा, आणि दादा असा. प्रणाली गेल्यावर संडासात जाऊन रडले. रागानं रडले, दुसरं काही नाही.

बुध. २६
एस्तेरशी कडाक्याचं भांडण. ती म्हणते जाऊ नकोस, तिथं देव बसवलेले असतील, तुला ओढतील. मी रात्रभर वाचून एक जागा शोधून ठेवली होती. तीच काढून दाखवली: विश्वास न ठेवणाऱ्यानं बोलावलं आणि तुला जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा, उगाच चौकश्या करत बसू नको. एस्तेरनं त्याच पानावरचं वरचं वाचून दाखवलं, मूर्तिपूजेपासून लांब पळ. मी खालचं वाचलं. तिनं वरचं. मग दोघींनी मिळून आख्खं पान पहिल्यापासून वाचलं. पहिल्यांदाच मी पुढच्याला हरवायला नाही, कळायला वाचलं. रागातच, पण वाचलं.

ठरवलं, जाणार. प्रणालीसाठी. पूजेला बसणार नाही. आणि बांगड्या भरणार नाही. हात तसेच घेऊन जाणार त्याच्या घरात. बघू दे त्याला.

हे लिहिल्यावर समजलं की शेवटची दोन वाक्यं प्रणालीसाठी नाहीत. असू देत.

रवि. ३०
पास्टरांना सांगितलं, चुड्याला जातेय. मला वाटलं अडवतील. म्हणाले, "जरूर जा ताई, भाऊ आहे." मग घुटमळले. "फक्त बांगड्यांचं बघा. मी सगळ्यांना सांगून बसलोय. आता एकदम हात भरून आलात तर नवीन लोकांचा गोंधळ होईल."

म्हटलं, मग त्यांना सांगा ना, की तुमचं चुकलं.

पास्टर खुर्च्या उचलायला लागले. मीही दोन उचलल्या.

शुक्र. ५ डिसें.
आजचं सगळं लिहून ठेवते.

कात्रपला पोचले तर तिसऱ्या मजल्यावर बायकाच बायका. हॉलमध्ये बांगडीवाला गादीवर बसलेला, हिरव्या काचेचे जुडगे पसरून. प्रणालीनं मला बघून किंकाळीच फोडली. वहिनीनं पाणी दिलं, नजर वर केली नाही. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत, पाय लांब करून. मी त्याच्याकडं बघितलं नाही, पण गुडघ्याला बांधलेला पट्टा दिसलाच.

प्रणालीचा चुडा भरला. मग वहिनी, मग काक्या. एकेकीचा नंबर. मी भिंतीला टेकून, हात पुढं बांधून, मुद्दाम दिसतील असे. थोरल्या काकीनं बघितलंच. "नवरा जिता हाय ना गो तुजा? मंग ये काय?" दोघीतिघी वळल्या. मी तयार होते. तीन महिने तयार होते. कारण विचारा, म्हणजे सगळ्यांदेखत सांगते, असं घोकूनच आले होते.

तेवढ्यात दादा कोपऱ्यातून म्हणाला, "तिला कोनी काय बोलाचा नाय."

मग बांगडीवाल्याला म्हणाला, "तिला नको भरू. तिचे धरमान चालत नाय. मी बोललोय सगल्यांना, तिला जबरदस्ती नाय कराची."

वहिनीनं मान हलवली. म्हणजे खरंच, आधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्या घराला. मी येईन की नाही हे माहीत नसताना.

मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही. रागच आला आधी. हा कोण माझा धर्म सांगणारा! पास्टरांना माझ्या हातांत साक्ष दिसते, ह्याला धर्म दिसतो, आणि हे ह्यानं स्वतः केलंय हे ह्यालाच माहीत नाही. आणि त्याच वेळी कळत होतं की हा माणूस मला सांभाळून घेतोय. त्याला जमतं तसं. मी नुसती गप्प बसले असते तरी भागलं असतं. माहेर परत मिळालं असतं. प्रणाली खुश, पास्टर खुश. माझा राग मात्र देवाचं नाव घेऊन जन्मभर मनगटावर राहिला असता.

म्हटलं, "चालतं."

दादा म्हणाला, "काय?"

"माझ्या धर्मात चालतं. बांगड्या मी देवासाठी काढलेल्या नाहीत दादा. गौरीला तू फोडल्यास, म्हणून घालत नाही. तुझ्यावरच्या रागानं."

बोलताना आवाज चढलाच. शांतपणे सांगायचं मला जमत नाही. बांगडीवाला बिचारा हातातल्या बांगड्यांकडं बघत बसला. दादा माझ्याकडं बघत होता, तोंडाकडं नाही, हातांकडं. मग खुर्चीचे हात धरून उठला. पहिल्यांदा उठता येईना. प्रणाली धावली, तिला त्यानं झिडकारलं. दुसऱ्यांदा उठला आणि लंगडत गॅलरीत जाऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

मी जाऊन गादीपुढं बसले आणि हात पुढं केला. उजवा. बांगडीवाल्यानं हात दाबला, म्हणाला, बाई, हात कडक झालाय. दुखलं. जाम दुखलं. दोन फुटल्या, त्यानं बाजूला टाकल्या आणि दुसऱ्या घेतल्या. दोन्ही हात भरले.

निघताना दादा गॅलरीतच. मी चप्पल घातली, थांबले. म्हटलं, "गुडघा कसा आहे?"

पाठ तशीच ठेवून म्हणाला, "आता बरा हाय जरा." मग, "तुला कोनी सांगला?"

मी काय सांगणार! जिना उतरले.

सोम. ८
हळद, लग्न, दोन्हीकडं गेले. पूजा होती तेव्हा बाहेर उभी राहिले, जेवायला आत. कुणी ओढलं नाही. दादानं दोन्ही दिवस माझ्याशी बोलणं टाळलं. एकदा मटणाचं पातेलं घेऊन माझ्या पंक्तीत आला आणि वाढून पुढं गेला. जास्त वाढलं होतं.

प्रणाली सासरी जाताना माझ्या गळ्यात पडली. तिच्याही बांगड्या वाजल्या, माझ्याही. पाठवणी करताना दादा रडला. मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

शनि. १३
उद्या नदीवर बाप्तिस्मे. माझं नाव नाही. एस्तेरचा मेसेज: "उद्या ये बघायला. लांब बाह्यांचा ब्लाउज घाल, उगाच प्रश्न नकोत." मी आखूड बाह्यांचा इस्त्री करून ठेवलाय.

आज सकाळीही प्रार्थना केली. दादाचे गुडघे. सवय लागली म्हणून असेल. नंतर बसून विचार केला, मनात काय आहे? राग आहे. कमी झालाय का? माहीत नाही. पूर्वी त्याच्याकडं बघितलं की फक्त ती मूठ दिसायची. आता मूठही दिसते आणि खुर्चीतून उठताना झालेली फजितीही दिसते. हे माफ करणं आहे का, हे पास्टरांना विचारायला हवं. त्यांना तरी माहीत आहे का कोण जाणे.

दादानं माफी मागितलेली नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. उद्या सगळ्यांदेखत कुणी हातांबद्दल विचारलं तर एवढंच सांगेन, जोरात सांगेन. आणि एक जोडी कपडे पिशवीत घालून नेणार आहे. मग बुडवा, नाहीतर नका बुडवू.