मृगातली राख

बाबा, आज सकाळच्या पेपरात तिचा फोटो आलाय, मौद्याहून एसटीने तुमच्याकडे शिकवणीला यायची ना, ती. आता कुठल्याशा मोठ्या वेधशाळेत आहे. तिने टिपलेला मृगातला तेजोमेघ पाव पानभर छापलाय. तांबडा, कडेला निळसर, मधे नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा पुंजका. इतका देखणा, की बघता बघता माझा चहा गार झाला. मग जळफळाट सुरू झाला. पन्नाशी उलटली तरी होतो.

ते रंग तुम्ही आम्हा दोघींना आपल्या स्वयंपाकघरात शिकवलेत. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलंत, ज्योत पिवळीजर्द झाली आणि आईने कपाळाला हात लावला. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या रंगाचा उजेड देतं, आकाशातही तसंच. ढगातल्या तरुण, तापलेल्या ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात, ते परत अणूत शिरताना तांबडा प्रकाश सोडतात. निळा म्हणजे धुळीने विखुरलेला ताऱ्यांचाच उजेड. मी सगळं घोकून ठेवलं. तुमची पोर मी, मलाच जास्त यायला हवं होतं.

जानेवारीतली संध्याकाळ, जेवणं व्हायचीत. तुम्ही गच्चीवर दुर्बीण लावता आणि तिला म्हणता, "ये वं, तू पाह्य आधी." ती खूप वेळ बघत राहते. "सर, मले तं चुलीतल्या राखेसारखं दिसून राहिलं." मग माझी पाळी. डोळा लावते न लावते तोच मी सांगते, "लाल! मधे गुलाबी!" तुम्ही हसत नाही. "पुस्तकातलं काहून सांगून राहिली वं? एवढ्या मंद उजेडात डोळ्याले रंग समजतच नाही. कॅमेरा बराच वेळ उजेड जमा करते, म्हणून त्याले दिसते." आणि मला कधी हात लावू न दिलेलं ते दुर्बिणीचं जास्तीचं नेत्रभिंग तुम्ही रुमालात गुंडाळून तिच्या हातात ठेवलंत. तिच्या, बाबा.

बातमीत ती म्हणते, सरांनी मला जे दिसतं ते सांगायला शिकवलं. हे पत्र कुठे पाठवणार? त्याच पानात घडी घालून कपाटात ठेवते. फक्त एवढं सांगते, मला त्या दिवशी राखसुद्धा दिसली नव्हती. तुम्ही तिला आधी बोलावलंत आणि माझे डोळे भरून आले होते.