रोजचा पंप

आई, तुझी नात आठ वर्षांची झाली. तू तिला पाहिलं नाहीस. नाक तुझं आहे आणि छाती माझी. हवा जरा गार झाली की लहानपणी माझी वाजायची तशीच तिची छाती वाजते. आम्ही आता बेळगावात, शहापुरात राहतो. खालच्या मजल्यावर माग चालतात आणि आमच्या खिडकीच्या गजांवर सुताची बारीक लव साचते. मी शाळेत शिकवते. तुला हे ऐकून बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात ती शाळेतून आली आणि उंबऱ्यातच बसली. एकेका शब्दासाठी श्वास गोळा करत होती, गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. रिक्षात तिला मांडीवर घेतलं आणि मला निपाणीतलं आपलं अंगण दिसलं. मी सहा-सात वर्षांची. तू वखारीतून येताना दिसतेस, मी पळत सुटते आणि तू लांबूनच ओरडतेस, "लांब सर गं! हात लावू नको मला!" दिवसभर तंबाखू चाळून आलेली तू आधी नळावर अंग धुतेस, पातळ बदलतेस, मग हात पसरतेस. एकदा मी ऐकलं नाही, तर तू ढकललंस आणि माझा गुडघा फुटला. कितीतरी वर्षं मला वाटायचं, आईला मी नकोशी होते. ती धूळ माझ्या छातीत जाऊ नये म्हणून तू तशी वागायचीस, हे कळायला मला स्वतःची पोर धापा टाकताना बघावी लागली.

चूलसुद्धा तू अंगणात मांडली होतीस. तिथंच एकदा शेजारची मावशी म्हणाली, "सारखं औषध देऊ नको गं, पोरीला सवय लागंल." तू फुंकणी खाली ठेवलीस. "श्वास घ्यायची बी सवयच हाय की तिला. ती मोडू व्हय?"

दवाखान्यात पोरीला वाफेचं मशीन लावलं. तासाभरानं ओठांचा रंग परत आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, एकेक विचारत गेल्या. घरात ओल आहे का, डासांची कॉइल लावता का, उदबत्ती, धूर, कुणी विडी ओढतं का. मी धडाधड नाही म्हणत होते. ते सगळं मी सांभाळलं होतं. मग त्यांनी विचारलं, "रोजचा पंप घेते ना?"

पोरगी मास्कमधून माझ्याकडं बघत राहिली.

तो पंप मी तीन महिन्यांपूर्वी बंद केला होता. तिला बरं वाटत होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे, जिन्यातल्या बायकांनी पंप बघितला आणि मुलीचं नाव दमेकरी पडलं तर, ही भीती होती. शिकलेली मी, आणि ही माझी अक्कल. बंद केलाय, एवढंच बाईंना सांगितलं.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"आमची आई म्हणते, सवय लागते."

मावशीचं बोलणं मी तुझ्या तोंडी घातलं, आई. तू उठून मला खोटं पाडायला येणार नव्हतीस.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जुन्या माणसांना वाटते भीती. पुढच्या वेळी आजींना घेऊन या, मी समजावते त्यांना." पोरीनं मास्क बाजूला करून "आजी तर..." म्हणायला तोंड उघडलं. मी मास्क परत नीट बसवला आणि म्हणाले, "आणते."

आता सकाळ-संध्याकाळ पंप चालू आहे, दार उघडं असलं तरी. ती दोन मजले न थांबता चढते. गुरुवारी परत दाखवायचंय, तेव्हा बाईंना खरं सांगेन. तुला लिहिलेला हा कागद तिच्या फाइलमध्येच राहील, दुसरीकडं कुठं पाठवणार?

एवढंच कबूल करते. "आणते" म्हणताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तू बाहेर बाकावर बसली आहेस आणि मी तुला हाक मारायला जाणार आहे, असं क्षणभर वाटलं, आणि फार बरं वाटलं.