तळणाच्या तेलावरची गाडी आणि माझं बाकीचं सामान

मी, खाली सही करणारी, वय अठरा (गेल्याच महिन्यात पुरे झाले), शिक्षण अर्धी नववी, धंदा वडिलांबरोबर तेल गाळणे, हे राजीखुशीने लिहून ठेवते. उद्या सकाळी मला बेशुद्ध करून पोटातली गाठ काढणार आहेत, म्हणून आज शुद्धीत आहे तोवर लिहिते. कोणाची जबरदस्ती नाही. उलट नर्सताई हसल्या, "अगं, एवढीशी गाठ, मृत्युपत्र कसलं लिहितेस?" पण शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी जन्मभर कोर्टाबाहेर बसून लोकांची मृत्युपत्रं टाइप केली आहेत. त्या म्हणाल्या, "लिहू दे हो. तोंडाने बोलत नाही पोरगी, हाताने तरी बोलू दे." 'सदर' कुठे घालायचं तेही त्यांनीच सांगितलं.

१. माझी सायकल धाकट्या भावाला. ब्रेक लागत नाही हे त्याला सांगायला नको, त्यानेच तोडलाय.

२. डब्यात साठवलेले पैसे आईला. तिने स्वतःसाठी काहीतरी घ्यावं. साबण घेऊ नये. माझे कपडे दोन-दोनदा धुऊन तिच्या हातांची सालं निघाली तरी तळणाचा वास जायचा नाही, आणि मी वर तिच्यावरच ओरडायचे.

३. आत्याला तिने वाढदिवसाला दिलेली अत्तराची बाटली परत. सगळ्यांसमोर म्हणाली होती, "घे बाई, निदान पाहुणे आल्यावर तरी लावत जा." उघडलेली नाही. सदर बाटली तिनेच लावावी.

४. आता गाडीचं. कोणी परका वाचेल तर त्याला कळावं म्हणून सगळं सांगते. बाबा टेम्पोने हॉटेलांना भाजी पोचवतात आणि येताना त्यांचं तळून तळून काळं झालेलं तेल घेऊन येतात. ते आम्ही फडक्यातून गाळतो, तापवतो, त्यात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळतो आणि ड्रममध्ये मुरत ठेवतो. खाली काळा चिकट गाळ बसतो, वर मधासारखं तेल येतं. ते पाण्याने धुऊन डिझेलच्या जागी टेम्पोत घालायचं. बाबांना हे गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांनी शिकवलं. ते म्हणायचे, "बियांचंच तेल आहे. ते आधी कढईत जाऊन आलंय हे इंजिनाला कोण सांगणार?"

इंजिनाला नाही कळत, नाकाला कळतं. गाडी गेली की मागे कोणीतरी बटाटे तळतंय असं वाटतं.

पहिल्यांदा ते तेल घातलं त्या दिवशी टेम्पो नेमका माझ्या शाळेच्या गेटसमोर बंद पडला. मी टेम्पोतच होते. मिस्त्रीकाका आले, फिल्टर काढून बघितला आणि म्हणाले, "तेलात खोट नाही. त्याने टाकीत वर्षानुवर्षं बसलेली घाण सुटली, ती इथे येऊन अडकली." फिल्टर बदलला, गाडी चालू झाली, त्यानंतर कधी अडली नाही. पण तोवर सगळी शाळा नाक धरून भोवती उभी होती, आणि माझं नाव 'तळणी' पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, मला कोपऱ्यावरच सोडा. त्यांनी कारण विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते आपणहून कोपऱ्यावर थांबायला लागले. "पुढे गाडी वळत नाही गं." गेटसमोर ट्रक वळायचे. मला मागावं लागू नये म्हणून ते रोज खोटं बोलायचे, आणि मी रोज 'बरं' म्हणून उतरायचे. पुढे मी शाळाच सोडली. सगळ्यांना सांगितलं, गणित जमत नाही. बाबांनी नुसती मान हलवली.

आज सकाळी इथे आलो तेव्हाही टेम्पो कोपऱ्यावरच थांबला. माझ्याच्याने सरळ उभं राहवत नव्हतं. एका हातात पिशवी, एका हाताने मला धरून बाबा चालत दारापर्यंत आले. "पुढे गाडी वळत नाही." दारात अँब्युलन्स वळत होती. ती आम्ही दोघांनी बघितली. मी 'बरं' म्हटलं. तेव्हापासून मान वर होत नाही माझी.

मग ते स्टुलावर बसून म्हणाले, "आत्या म्हणते, त्या धुरानेच तुला हे झालं. तू घरी आलीस की ड्रम भंगारवाल्याला देऊन टाकतो. पुन्हा डिझेल भरू. तुलाही बरं वाटेल." डॉक्टर तिथेच होते, ते म्हणाले, गाठीचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण बाबा डॉक्टरांकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. आणि मी चादरीकडे.

तर सदर ड्रम, तापवायचं पातेलं आणि गाळायची फडकी बाबांना, या अटीवर की त्यातलं काहीही भंगारात जाणार नाही. काकू म्हणतात, "अगं, त्यांचंच सामान त्यांना कसं देशील?" मग माझं आहे ते देते. ढवळायचा दांडा माझा, मी तासून केलाय. तेल नीट झालं की नाही ते बाटलीत पाणी घालून, हलवून मीच बघते, ते भावाला शिकवेन. राहिले तर.

५. 'तळणी' हे नाव कोणाला देत नाही. ते माझ्याकडेच राहील.

६. काकू म्हणतात, आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द असं लिहावं लागतं. माझं आधीचं एकही नाही. म्हणून असं लिहिते: यापूर्वी मी बाबांना जे जे 'बरं' म्हटलं, ते सगळं या लेखाने रद्द समजावं. चादरीकडे बघणंसुद्धा.

७. मला इथून न्यायला आपलाच टेम्पो आणायचा, आपलंच तेल घालून. चालत निघाले तरी, आडवी निघाले तरी. कोपऱ्यावर थांबायचं नाही. दारापर्यंत आणायचा आणि इंजिन चालू ठेवायचं.

ठिकाण: खिडकीजवळची खाट
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, भेटायची वेळ संपल्यावर

सही: तळणी

साक्षीदार पहिली: नर्स. माझ्यासमोर सही केली. आता हिने झोपावे.

साक्षीदार दुसरी: शेजारच्या खाटेवरील टायपिस्ट. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आहे. दारात गाडी वळते, हे मी या खिडकीतून स्वतः पाहिले आहे.