हृतिकचा पाय

३ नोव्हेंबर

आज मी पोटच्या पोराचा पाय मोडला. तोंडाने.

हृतिक तिकडे कॅनडात ठणठणीत आहे. त्याचा कॉम्प्युटर इथे खांदा कॉलनीत, आणि हे सकाळी कामावर गेले की त्यावर मी गेम खेळते. ट्रक चालवायचा गेम. सत्तेचाळीस वर्षांची बाई! दीड वर्ष झालं, कुणालाच माहीत नाही. हल्ली घाटातल्या वळणावर चित्र अडकतं आणि ट्रक दरीत जातो. ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, एवढं मला कळतं. भिशीचे सात हजार हातात आले होते, म्हणून पनवेलला मार्केटमागच्या ताहेरच्या दुकानात गेले. तो वापरलेले पार्ट विकतो.

म्हटलं, मुलासाठी हवंय. तो म्हणाला, "मग त्यालाच पाठवा ना ताई, बोलून ठरवू." आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "पाय मोडलाय त्याचा. अंथरुणावर आहे. तेवढाच विरंगुळा."

कॅनडात आहे म्हटलं असतं, तर मग इथे खेळतं कोण, असं त्याने विचारलं असतं. एवढ्याच भीतीने बोलले.

४ नोव्हेंबर

ताहेरने दोन कार्डं काढून ठेवली होती. एक छोटं, माझ्या पैशांत बसून थोडे उरतील असं. दुसरं चार जीबीचं, नऊ हजारांचं. मी म्हटलं, छोटं घेऊन उरलेल्या पैशांत रॅम वाढवली तर?

"नको ताई. रॅम नंतर कधीही टाकता येते. कार्डात काटकसर केलीत तर सहा महिन्यांत परत इथेच याल."

खरं होतं ते. मी मोठ्या कार्डाकडे नुसती बघत राहिले. त्याने ते माझ्याकडे सरकवलं. "सातच द्या. पोरगा पडून आहे. खेळू दे."

नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण घेतलं.

घरी येऊन बसवून देतो म्हणाला. नको नको, म्हटलं, मुलालाच येतं सगळं. घरी आला तर अंथरुणावर कुणाला दाखवणार होते?

७ नोव्हेंबर

व्हिडिओ बघून मीच बसवलं. स्क्रू घसरून दोनदा आत पडला. सुरू केलं तर स्क्रीन काळीच. त्या कार्डाला वेगळी वायर लागते विजेची, आणि आमच्या जुन्या पॉवर सप्लायला ती वायरच नाही. ताहेर घरी आला असता तर पहिल्या मिनिटात सांगितलं असतं त्याने.

परत दुकानात. त्याने एक वापरलेला पॉवर सप्लाय पिशवीत टाकला. पैसे विचारले तर म्हणाला, "मुलगा चालायला लागला की द्या." आणि वरून एक डबा ठेवला. "बकऱ्याच्या पायाचं सूप आहे. अम्मीने केलंय. हाड लवकर जुळतं. आज जुम्मा, मीही दुआ केली त्याच्यासाठी."

रिक्षात डबा मांडीवर होता. गरम.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, कुणी दिलं? शेजारच्या किशोरीने, म्हटलं. दुसरं खोटं. ह्यांना फारच आवडलं, वाटी पुसून घेतली. मी माझी वाटीही त्यांच्यापुढे सरकवली.

८ नोव्हेंबर

गेम लोण्यासारखा चालतोय. दहा मिनिटांत बंद केला.

१० नोव्हेंबर

ताहेरचा फोन आला. उचलला नाही. मग मेसेज — "कर्नाळ्याच्या पुढे एक हाडवैद्य आहेत. चांगला गुण येतो म्हणतात. मुलाला न्यायचं असेल तर माझी गाडी आहे, संकोच करू नका."

दिवसभर चार वेळा वाचला.

१२ नोव्हेंबर

डबा रिकामा द्यायचा नसतो, म्हणून नारळाच्या वड्या केल्या. वाटेत वाटलं, डबा ठेवून पळून यावं. पण आज नेमक्या त्याच्या अम्मी दुकानात बसलेल्या. अस्माबी. थकलेल्या, गोऱ्यापान. मला बसवून घेतलं. "पोराला भूक लागते का नीट?"

मग मी सांगितलं सगळं. उभ्यानेच, खाली बघून. मुलगा कॅनडात आहे, पाय शाबूत आहे, गेम मीच खेळते.

ताहेरने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे पाय मोडलाच नाही?" अम्मींनी विचारलं.

"नाही."

"अल्हमदुलिल्लाह." त्यांनी छातीवर हात ठेवला. "मी रोज नमाजनंतर दुआ मागत होते त्याच्यासाठी. जीव भांड्यात पडला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताहेर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हीच खेळता म्हणाला असतात तरी कार्ड दिलं असतं. नऊ हजारांना."

बाकीचे आणि पॉवर सप्लायचे पैसे पुढच्या महिन्यात देते, म्हटलं. ठीक आहे, म्हणाला. या वेळी ताई म्हणाला नाही.

१३ नोव्हेंबर

आज हृतिकला फोनवर सगळं सांगून टाकलं. गेम, पाय, सूप. हसेल नाहीतर चिडेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

तो म्हणाला, "आई, तू माझ्याच अकाउंटवर खेळतेस. त्यावर एका वेळी एकालाच खेळता येतं. तुझी सकाळ म्हणजे इथली रात्र, माझी खेळायची वेळ. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खेळायची थांबली असतीस."